पूर्वपरीक्षेचे पेपर मुलांच्या हातात राहू द्या

प्रति,
वाई तालुक्यातील माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक आणि इतिहास शिकवणारे सर्व शिक्षक-शिक्षिका यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी अभ्यासिकेत मेणवलीची एक मुलगी डोळे मिटून, मागेपुढे झुलत पाठ म्हणत होती. मराठा चित्रशैलीतली भित्तिचित्रं वाई, मेणवली, सातारा अशा ठिकाणच्या जुन्या वाड्यांमध्ये पाहायला मिळतात. दहावीच्या इतिहासातली टीप, दोन गुणांची. चार वेळा म्हणून झालं. पाचव्यांदा सुरू करायच्या आत मी विचारलं, "मेणवलीत कुठला गं वाडा?"

तिने डोळे उघडले. "कुठल्या मेणवलीत, बाई?"

नाना फडणविसांचा वाडा तिच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. घाटावरची वसईहून आलेली पोर्तुगीज घंटा तिने लहानपणापासून पाहिली आहे. पण पुस्तकातली मेणवली म्हणजे आपली मेणवली, हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. पोरगी मठ्ठ नाही हो. गणितात तिला ऐंशीच्या वर पडतात. तिच्या लेखी ते वाक्य कुठल्या गावाबद्दल नव्हतंच, ते दोन गुणांबद्दल होतं.

मी तालुक्यातल्याच एका शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर वाचनालयाच्या मागच्या खोलीत संध्याकाळची अभ्यासिका चालवते. फी नाही, शिकवणीही नाही. मुलं येऊन बसतात, अडलं तर विचारतात. पाच-सहा शाळांची मुलं येत असल्यामुळे तुमच्या प्रत्येकाच्या शाळेत उजळणी कशी चालते हे मला न विचारता कळतं. म्हणून हे पत्र. मागणं एकच आहे आणि ते आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना गठ्ठे तपासायचे आहेत त्यांनी इथेच वाचन थांबवलं तरी चालेल: जानेवारीतल्या पूर्वपरीक्षेचे तपासलेले इतिहासाचे पेपर मुलांना कायमचे देऊन टाका. दाखवून परत घेऊ नका.

हे मी कोणत्या तोंडाने सांगते, तर स्वतः तीस वर्षं उलट वागलेल्या तोंडाने.

निवृत्त होण्याच्या वर्षी शिक्षकखोलीतलं माझं कपाट रिकामं करताना चार वर्षांचे गठ्ठे निघाले. सुतळीने बांधलेले, वर इयत्ता-तुकडीची चिठ्ठी. शिपाईमामांनी रद्दीवाल्याला बोलावून ठेवलं होतं. तो काटा लावेपर्यंत एक गठ्ठा सोडून बसले. लाल शाईने मी काय काय लिहून ठेवलं होतं! 'कारण कुठे आहे?' 'हे वाक्य प्रश्नातच आहे.' 'एवढं छान येतं, मग उदाहरण का नाही?' एका मुलाच्या पेपरावर तर समासात जवळपास अर्धं पान. त्या मुलाने तो पेपर आयुष्यात किती वेळ पाहिला असेल? एक तास, त्यातली दहा मिनिटं. सात मिनिटं गुणांची बेरीज तपासण्यात, तीन शेजारच्याचे गुण बघण्यात. मग मीच म्हटलं असणार, "चला, पेपर पुढे द्या." मी त्याच्यासाठी लिहिलेलं अर्धं पान माझ्याच कपाटात चार वर्षं पडून राहिलं आणि शेवटी किलोच्या भावाने गेलं.

पेपर काढून घेतल्यावर मुलांच्या हातात आपण काय देतो? झेरॉक्स. महत्त्वाचे पन्नास प्रश्न, तयार उत्तरांसह. त्यात कुणाचीच चूक नसते, म्हणून कुणाचाच अभ्यासही नसतो. तीच उत्तरं गाईडात असतात, तीच अपेक्षित प्रश्नसंचात असतात, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री 'हमखास येणार' म्हणून मोबाइलवर फिरतात तीही तीच. अभ्यासिकेत एका मुलाकडे एकाच प्रश्नाची चार छापील उत्तरं होती. चारांतलं कुठलं पाठ करू, हा त्याचा प्रश्न होता. त्याने स्वतः लिहिलेलं पाचवं उत्तर शाळेच्या कपाटात होतं.

आता पेपराकडे या. चाळीस गुण, दोन तास. अठ्ठावीस इतिहासाचे आणि बारा राज्यशास्त्राचे. म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं. दोन गुणांच्या टिपेला सहा मिनिटं, तीन गुणांच्या सविस्तर उत्तराला नऊ. हा हिशेब वर्गात फळ्यावर मांडला की मुलं चक्रावतात, कारण त्यांना कुणी असं सांगितलेलंच नसतं. जे येतं ते दीड पान लिहायचं आणि जे येत नाही ते सोडायचं, हा शिरस्ता. पूर्वपरीक्षेचा पेपर समोर असला की मुलाला स्वतःच दिसतं: दोन गुणांच्या टिपेवर दीड पान खर्च केलं, आणि उताऱ्याचा शेवटचा उपप्रश्न, ज्यात थोडं स्वतःच्या मनाने लिहायचं असतं, तो वेळ संपला म्हणून कोरा राहिला. उतारा तर फुकटचा असतो, पेपरातच छापलेला. त्यात गुण गमावणं म्हणजे ताटात वाढलेलं न जेवता उठणं.

सगळ्यांत जास्त गुण जातात ते 'सकारण स्पष्ट करा' मध्ये. एक नेहमीचं विधान घ्या: फुको यांच्या लेखनपद्धतीला 'ज्ञानाचे पुरातत्त्व' असे म्हटले आहे. (मुलं या फ्रेंच गृहस्थांना 'फुकट' म्हणतात, कारण त्यांच्यावरचे गुण फुकट जातात. मी एकदा रागावले, मग मलाही हसू आलं.) दहापैकी सहा-सात मुलांचं उत्तर असं: 'कारण फुको यांनी ज्ञानाचे पुरातत्त्व ही पद्धत मांडली.' विधान उलटं केलं, 'कारण' जोडलं, झालं. मूल हे मुद्दाम करत नाही. त्याला खरंच वाटतं की आपण उत्तर लिहिलं. वाक्य पूर्ण आहे, शुद्धलेखन बरोबर आहे, फुकोचं नावही आहे, मग गुण का नाही? याचं उत्तर तयार उत्तरात नाही सापडत. स्वतःच्या त्या ओळीशेजारी बाईंनी लिहिलेला 'का?' रोज डोळ्यासमोर आला तर सापडतं. मग ते शोधतं की फुकोला घटनांची कालक्रमाने केलेली मांडणी मान्य नव्हती, अंतिम सत्यापर्यंत पोचण्यापेक्षा भूतकाळातली स्थित्यंतरं उलगडणं त्याला महत्त्वाचं वाटत होतं, आणि पुरातत्त्वज्ञ थर उकलतो तसे त्याने मनोविकार, वैद्यकशास्त्र, तुरुंगव्यवस्था हे इतिहासकारांनी न हाताळलेले विषय उकलले. आता 'पुरातत्त्व' हा शब्द का वापरला ते कळतं. दोन गुण मिळतातच.

इथे पालकांबद्दल थोडं बोलायला हवं, कारण तुमच्यापैकी बहुतेकांना पालकसभेत हा अनुभव येत असेल. मागच्या वर्षी एक वडील तावातावाने आले. "मला पानिपत आजही पाठ आहे, १४ जानेवारी १७६१. पोराला विचारलं तर सांगता येत नाही. काय शिकवतात शाळेत?" मी दहावीचं पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलं. इतिहासलेखनाची पाश्चात्त्य परंपरा, भारतीय परंपरा, उपयोजित इतिहास, कला, प्रसारमाध्यमं, मनोरंजन, खेळ, पर्यटन, ऐतिहासिक ठेव्यांचं जतन. गृहस्थांनी पानं उलटली, मागून पुढे, पुढून मागे. "यात लढाई कुठाय?"

लढाई नाही. हा मोठा बदल घरांपर्यंत पोचलेलाच नाही. आपण शिकलो तो इतिहास गोष्टीसारखा होता. एकामागून एक घडत जाणारा, त्यामुळे आठवायलाही सोपा. हे पुस्तक इतिहास कसा लिहितात आणि कुठे कामी येतो, याबद्दलचं आहे. मला ते आवडतं, हेही सांगून टाकते. पहिली दोन वर्षं मात्र मीच त्याला शिव्या घातल्या होत्या. पण उजळणीची जुनी हत्यारं याला चालत नाहीत. सनावळ्या घोकून इथे फारसं हाती लागत नाही. इथे व्यक्ती आणि ग्रंथ, वस्तू आणि ती काय सांगते, यांच्या गाठी मारायच्या असतात, आणि गाठ दुसऱ्याने मारून दिली तर ती सुटते.

चुकीची जोडी ओळखण्याचा प्रश्न घ्या. हेगेल आणि 'रिझन इन हिस्टरी', हिरोडोटस आणि 'द हिस्टरीज', कार्ल मार्क्स आणि 'डिस्कोर्स ऑन द मेथड'. मूल तिसरी जोडी चुकीची म्हणून पाठ करतं, त्या क्रमांकासकट. क्रम बदलला की गडबडतं. अभ्यासिकेत आम्ही चुकीच्या जोडीला 'हरवलेली माणसं' म्हणतो. मार्क्सचं पुस्तक कुठे गेलं? 'दास कॅपिटल'. मग 'डिस्कोर्स ऑन द मेथड' कुणाचं? रेने देकार्तचं. तो काय म्हणत होता? की एखादी गोष्ट निःसंशय खरी असल्याचं ठरेपर्यंत तिचा स्वीकार करू नये. एका चुकीच्या जोडीतून दोन बरोबर जोड्या आणि एक संकल्पना. हा खेळ पाच मिनिटांत होतो आणि मुलं तो एकमेकांशी सायकलवरून घरी जातानाही खेळतात.

तारखांचंही तसंच. आहेत थोड्या, पण त्या कामाला लावाव्या लागतात. पाँपेई या प्राचीन रोमन शहराच्या उत्खननात भारतीय बनावटीची हस्तिदंती बाहुली सापडली, हे मुलांना पाठ असतं. खेळण्यांवरून सांस्कृतिक इतिहास कळतो, या प्रश्नात ते लिहायचं असतं. ते कसं कळतं, हे मात्र लिहीत नाहीत. मी एवढंच सांगते की व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक इसवी सन ७९ मध्ये झाला आणि पाँपेई राखेखाली गाडलं गेलं. मग गप्प बसते. कुणीतरी म्हणतंच, "म्हणजे बाहुली त्याच्या आधी तिथे पोचलेली होती." मग दुसरं, "म्हणजे भारताचा आणि रोमचा व्यापार तेव्हाच होता." मग हमखास एक वात्रट, "किंवा कुणीतरी चोरून नेली असेल." तेही चालेल. चोरी करायलासुद्धा ये-जा लागते. ही साखळी ज्याने एकदा स्वतः जोडली तो परीक्षेत ती विसरत नाही, आणि विसरला तरी पुन्हा जोडू शकतो.

वर्तमानपत्रांच्या बाबतीत आम्ही जमिनीवर खडूने रेघ ओढतो. १७८० 'बेंगॉल गॅझेट', १८३२ 'दर्पण', १८७७ 'दीनबंधु', १८८१ 'केसरी'. मध्ये १८५७ वर एक मुलगा उभा राहतो. 'दर्पण' आणि 'केसरी' यांच्यात जवळपास पन्नास वर्षं गेली, तेवढ्या काळात कंपनीचं राज्य जाऊन राणीचं आलं, हे डोळ्यांना दिसतं. कुणी सांगावं लागत नाही.

आणि मंदिरबांधणीची हेमाडपंती शैली. भिंतीच्या दगडांत चुना भरत नाहीत, दगडांतच खाच आणि कुसू कोरून ते एकमेकांत घट्ट बसवतात. हे वाक्य एक मुलगा कितीदा वाचूनही अडखळायचा. वडील सुतार. मी म्हटलं, "वडिलांना विचार कुसू म्हणजे काय." दुसऱ्या दिवशी आला तो हसतच. "बाई, हे तर आमच्या खाटेला असतं!" खाचेत घट्ट बसणारं टोक. आता तो गोंदेश्वरच्या मंदिराचं सांगताना हातांची बोटं एकमेकांत अडकवून दाखवतो. परीक्षेत बोटं दाखवता येणार नाहीत, पण बोटांना आठवलं की हाताला लिहिता येईल.

तुम्ही म्हणाल, बाई गोष्टी छान सांगतात, पण उजळणीला दिवस किती आहेत? तोच मुद्दा आहे. बोर्डाच्या वेळापत्रकात विज्ञानाचे दोन्ही पेपर झाले की इतिहास आणि शेवटी भूगोल, असं गेली काही वर्षं चाललंय. मध्ये एखाद-दुसरा दिवस. मुलं म्हणतात, "इतिहास काय, त्या दोन दिवसांत वाचून काढू." त्यात 'बेस्ट ऑफ फाइव्ह' मुळे एक विषय टक्केवारीतून गळणार असतो आणि तो सामाजिक शास्त्रेच गळेल, असं घरोघरी गृहीत धरलेलं असतं. (गळतो बरेचदा गणित, हा भाग वेगळा.) म्हणजे जानेवारीच्या पूर्वपरीक्षेपासून इतिहासाच्या पेपरापर्यंतचे सहा-सात आठवडे पुस्तक बंद, आणि मग दोन दिवसांत नऊ पाठ पुन्हा पुन्हा वाचायचे.

पुन्हा पुन्हा वाचण्याचा एक धोका आहे, आणि तो फार फसवा आहे: वाचताना सगळं येतंय असं वाटतं. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजातल्या मुलांवर एक साधा प्रयोग केला. सूर्य आणि समुद्रातली पाणमांजरं यांवरचे छोटे उतारे दिले. एक उतारा मुलांनी दोनदा वाचला. दुसरा एकदा वाचून बंद केला आणि आठवेल तेवढा कोऱ्या कागदावर लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचलेला उतारा थोडा जास्त आठवला. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटं: दोनदा वाचलेल्यातलं ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिलेल्यातलं ५६ टक्के. त्या पाच मिनिटांच्या यशावरच आपली मुलं आणि त्यांचे पालक विसंबून असतात. "आत्ता म्हणून दाखवलं की हो त्याने!" म्हणून दाखवलं खरं, पण पेपर आठवड्याने आहे.

म्हणून अभ्यासिकेत एकच रीत ठेवली आहे. पाठ एकदा नीट वाचायचा, पुस्तक दप्तरात घालायचं (बाकावर उलटं ठेवलं तरी हात जातो), आणि वहीच्या डाव्या पानावर आठवेल ते निळ्या पेनाने लिहायचं. वाक्यं नकोत, मुद्दे, नावं, बाण चालतील. मग पुस्तक काढून राहिलेलं उजव्या पानावर लाल पेनाने. पुढच्या वेळी निळं वाचायचंच नाही, फक्त लाल. चार दिवसांनी परत कोरं पान. लाल कमी होत जातं ते मुलांना स्वतःला दिसतं, आणि त्यात जो आनंद असतो तो मी शाबासकी देऊन कधी देऊ शकले नाही. पहिल्या दिवशी मात्र रडारड होते, कारण डाव्या पानावर तीन ओळी आणि उजवं पान भरलेलं. "बाई, मला तर सगळं येत होतं." त्या दिवशी मुलांना सोडून देऊ नका, एवढंच सांगेन.

राज्यशास्त्राच्या बारा गुणांचं फार सांगत नाही. ज्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक झाली आहे तिथल्या मुलांना निवडणूक प्रक्रिया शिकवायची म्हणजे त्यांच्याकडूनच ऐकायची.

या सगळ्यात तपासलेला पेपर का हवा? कारण कोरं पान मुलाला काय आठवत नाही ते दाखवतं, पण आठवूनही उत्तर कुठे चुकतं ते दाखवत नाही. ते फक्त अनुभवी डोळ्याला दिसतं, तुमच्या डोळ्याला. आणि मूल ते एका तासात पचवू शकत नाही. मला शक्य असतं तर पेपर दिल्यावर एक आठवडा नवीन काहीच दिलं नसतं. फक्त एवढंच: ज्या तीन उत्तरांत सर्वांत जास्त गुण गेले ती पुस्तक बंद करून पुन्हा लिहा, जुन्या उत्तराशेजारी ठेवा आणि काय बदललं ते एका ओळीत मला सांगा.

तुमच्या अडचणी मला ठाऊक आहेत. त्या माझ्याही होत्या. पहिली, तपासणीला कुणी आलं तर पेपर दाखवावे लागतात. गुणपत्रक आणि मुलांच्या सह्या शाळेत राहू द्या. शंका असेल तर पालकांकडून लिहून घ्या की मागितल्यास पेपर आणून देऊ. प्रत्येक तुकडीतले नमुन्यादाखल चार-पाच पेपर ठेवून बाकीचे दिले तरी फार बिघडणार नाही. मुख्याध्यापकांनी मनावर घेतलं तर हा प्रश्न एका सूचनेने सुटतो, आणि शिक्षकांनी कितीही मनावर घेतलं तरी मुख्याध्यापकांशिवाय सुटत नाही. म्हणून पत्रात त्यांचं नाव आधी घातलं आहे.

दुसरी अडचण, पालक भांडायला येतात. येतात. माझ्याकडेही एक आई अर्ध्या गुणासाठी आली होती, पदर खोचून. मी पेपर काढला, बेरीज केली. माझीच चूक निघाली, आणि अर्ध्या नव्हे, दोन गुणांची. त्या दिवशी माझी मान खाली गेली, पण त्या मुलाने नंतर वर्षभर माझ्या प्रत्येक शेऱ्यावर विश्वास ठेवला.

तिसरी अडचण खरी आहे: वेळ. एका शिक्षकाकडे दोन-तीन तुकड्या, वर निवडणुकीचं काम, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती भरणं. आणि इतिहास असा विषय की ज्याचा तास कमी पडतोय त्याच्या गळ्यात बांधला जातो. भाषेच्या बाईंना, कधी खेळाच्या सरांनाही. त्यांच्याकडून प्रत्येक पेपरावर अर्धं पान शेरा मागणं अन्याय होईल. मागत नाही. शेवटच्या काही वर्षांत मी चारच खुणा वापरायचे. 'का?' म्हणजे कारण दिलेलं नाही. 'उदा.' म्हणजे मुद्दा बरोबर, उदाहरण हवं. 'प्र?' म्हणजे विचारलं ते लिहिलेलं नाही, प्रश्न पुन्हा वाच. आणि 'पुरे' म्हणजे गुणांच्या मानाने फार लांबलं. वर्गात एकदा फळ्यावर या खुणा समजावल्या की झालं. पेपर तपासायला एरवीपेक्षा फार वेळ लागत नाही, आणि मुलांना आपापला रोग कळतो. कुणी 'का?' चा रोगी, कुणी 'पुरे' चा. एका मुलीच्या पेपरावर नऊ ठिकाणी 'उदा.' होतं. तिला नवीन काही वाचायची गरजच नव्हती. जे येत होतं त्याला नऊ उदाहरणं जोडायची होती. झेरॉक्स नोट्सचा जाडजूड गठ्ठा हे तिला कधीच सांगू शकला नसता.

उदाहरणांची तर आपल्या तालुक्यात वाण नाही, आणि माझी खरी तळमळ हीच आहे. शेवटच्या पाठात कोशवाङ्मय आहे, विश्वकोश आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला तो आपल्या वाईतून. मुंबई-पुण्याच्या मुलांना ही टीप पाठ करावी लागते, त्यांना इलाज नाही. आपल्या मुलांना निदान त्या कार्यालयाच्या दारापर्यंत नेऊन आणता येतं. पर्यटनाच्या पाठाला पाचगणी-महाबळेश्वरचा रस्ता दारावरून जातो. शनिवार-रविवारी त्या रस्त्यावर गाड्या कशा तुंबतात, त्यातून कुणाला रोजगार मिळतो आणि कुणाच्या विहिरीचं पाणी जातं, हे आमच्या मुलांना कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त ठाऊक आहे. तरी उत्तरात लिहितात काय, 'पर्यटनामुळे परकीय चलन मिळते.' तेही बरोबर आहे, लिहू दे. पण त्याच्याखाली स्वतःच्या काकांच्या स्ट्रॉबेरीच्या गाड्याची एक ओळ लिहायला कुणी बंदी केली आहे का? मुलांना वाटतं, केली आहे. गाईडात नाही ते लिहिलं तर गुण जातात, अशी त्यांची पक्की समजूत आहे. बोर्डाचे पेपर मीही तपासले आहेत. प्रश्नाला धरून असलेलं खरं उदाहरण दिलं म्हणून मी कुणाचा गुण कापला नाही. हे तुम्ही त्यांना तुमच्या तोंडून सांगितलंत तर ते ऐकतील. माझ्या तोंडून सांगते तेव्हा म्हणतात, "बाई, आमच्या सरांना चालणार नाही."

तर जानेवारीत गठ्ठे तपासून झाले की ते बांधू नका. आणि तपासायला हात कमी पडत असतील तर निरोप पाठवा. माझ्यासारख्या निवृत्त चौघी-पाच जणी गावात आहेत, चष्मा लागला आहे पण लाल पेन अजून धरता येतं. रविवारी दुपारी अभ्यासिकेची खोली रिकामीच असते. गुण तुम्हीच द्या. आम्ही फक्त खुणा करू.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक निवृत्त इतिहासशिक्षिका, वाई

ता. क. : मेणवलीची मुलगी रविवारी वाडा बघून आली. कुठल्या भिंतीवरचे रंग उडालेत आणि कुठे अजून टिकलेत, ते तिने वहीत उतरवून आणलं आहे. टीप अजूनही पाचच ओळींची आहे. राजपूत शैलीचा प्रभाव तिने निळ्या पेनाने लिहिला, युरोपीय शैलीचा राहिला होता, तो लाल पेनाने. घंटेबद्दलही विचारत होती. ती अभ्यासक्रमात नाही म्हटलं तर म्हणाली, नसू दे, तुम्ही सांगा.